मशीनच्या पोटातली शेगडी

माय,

आज पाडवा आहे आणि मी घरची गुढी सोडून उमरेड रोडवरच्या एका नव्या डेअरीत लोखंडी स्टुलावर बसलो आहे. समोर मशीन आहे. ते बंद आहे आणि उद्या सकाळपर्यंत बंदच राहणार आहे. बाहेर मांडव घातलाय, आंब्याची तोरणं बांधलीत, भटजी येऊन चहा पिऊन गेले आणि डेअरीचा मालक सकाळपासून माझ्याशी धड बोलत नाही. साडेनऊचा मुहूर्त होता, तो मी टाळला. मशीन सुरू करण्याआधी त्याच्या पोटातली तेल तापवायची शेगडी सलग चोवीस तास चालू लागते; ती मी परवा सकाळी लावली होती. काल संध्याकाळी वारा सुटला, लाईन गेली, ती आज पहाटे पाचला आली. मालक म्हणाला, "मिस्त्री, परवापासून तर गरम करून राहिले तुम्ही. चोवीस तास तर कधीचेच झाले." मी म्हणालो, "झाले होते. रात्री गेले. आता पहाटे पाचपासून नव्यानं मोजायचे." त्याला वाटलं मी अडून पैसे मागतोय. त्याच्या एका माणसानं माझ्या खिशात पाकीट कोंबायचा प्रयत्नसुद्धा केला. मी मेन स्विचला माझं कुलूप लावलं, शेगडीची वायर तेवढी वेगळी काढून चालू ठेवली आणि किल्ली कमरेच्या करदोट्याला बांधली. आता उद्या पहाटेपर्यंत मला दुसरं काम नाही, म्हणून पोरीच्या शाळेच्या वहीतले कागद घेऊन तुला लिहायला बसलो. तू गेलीस त्याला चौदा वर्षं झाली. तुला अक्षर वाचता येत नव्हतं हेही मला ठाऊक आहे. तरी लिहितो.

आता याला हीट पंप म्हणतात. पाटीवरच तसं लिहिलेलं असतं. आपल्या काटोल रोडवरच्या संत्र्याच्या सरबताच्या कारखान्यात होतं त्याला आपण नुसतं मशीन म्हणायचो. काम तेच. तू एकदा मला विचारलं होतंस, संत्री ठेवायची खोली थंड होते ते ठीक, पण गरमी जाते कुठं? मी तेव्हा आयटीआयमधून नुकताच बाहेर पडलो होतो, अर्ध्या हळकुंडानं पिवळा झालो होतो, आणि तुला म्हणालो होतो की ते तुला समजणार नाही. समजलं असतं. आज सांगतो. बांधकामावर बाया घमेल्यात माती भरतात, वर नेऊन टाकतात आणि रिकामं घमेलं घेऊन परत येतात ना, तसा त्या नळ्यांमधला गॅस आहे. संत्र्यांच्या खोलीत तो उकळतो. पाणी तापल्यावर उकळतं, हा गॅस चांगल्या थंडीतही उकळतो आणि उकळताना संत्र्यांची गरमी उचलतो. मग मशीन त्याला दाबतं. दाबला की तो आणखी तापतो, इतका की नळीला हात लावला तर फोड येईल. ती तापलेली नळी पाण्याच्या टाकीतून नेली की गॅस आपली गरमी पाण्यात टाकतो, पुन्हा पाण्यासारखा पातळ होतो आणि एका बारीक भोकातून संत्र्यांकडे परततो. म्हणजे तू ज्या गरम पाण्यात बाटल्या धुवायचीस, ते संत्र्यांच्या गरमीनं तापलेलं होतं. लाकूड नाही, कोळसा नाही. मशीनला वीज लागायची ती फक्त ही गरमी वाहून नेण्यापुरती.

ते मशीन येण्याआधीची तुझी बोटं मला आठवतात. गिट्टीखदानच्या आपल्या खोलीतून तू उजाडायच्या आत निघायचीस, आणि परतलीस की आधी चुलीपुढे हात धरून बसायचीस. धुण्याचा सोडा थंड पाण्यात लवकर काम करत नाही म्हणून दुप्पट घालावा लागतो, आणि दुप्पट सोडा बोटांच्या पेरांत शिरतो. मशीन आलं आणि तुम्हा अकरा जणींच्या टाकीला गरम पाणी आलं, त्या दिवशी तू मला सांगितलंस की कारखान्यात आता हातांची दिवाळी झाली. पुढच्याच वर्षी तिथला ऑपरेटर सोडून गेला आणि ती जागा मला मिळाली. तू साऱ्या मोहल्ल्यात पेढे वाटलेस. आपला पोरगा मशीन चालवतो, आणि त्या मशीनच्या पाण्यात आपण हात घालतो, याचं तुला फार अप्रूप होतं.

थंडीच्या दिवसांत तू कामावर आलीस की मशीन सुरू व्हायच्या आधी त्याच्या खालच्या भागावर दोन्ही तळवे ठेवायचीस. बंद मशीनसुद्धा तिथं कोमट असायचं. तुम्ही बाया त्याला पोट म्हणायच्या आणि आतल्या हीटरला शेगडी. मला हसू यायचं. हीटर कशासाठी आहे हे मला पुस्तकातून ठाऊक होतं, परीक्षेत लिहिलंही होतं. मशीन थांबलं की गॅस सगळ्यांत थंड कोपरा शोधतो आणि तिथं जाऊन बसतो. पोटात तेल असतं, त्या तेलात तो विरघळून जातो. तेल कोमट ठेवलं तर त्याला तिथं थारा मिळत नाही. आणि तेलात गॅस भरलेला असताना मशीन सुरू केलं, तर ते तेल दुधासारखं उतू येतं, पातळ गॅस वर सिलिंडरमध्ये चढतो आणि मशीन त्याला दाबायला जातं. वाफ दाबली जाते, पातळ दाबलं जात नाही. मग काहीतरी फुटतं. हे सगळं मला पाठ होतं. तुला यातलं एक अक्षर माहीत नव्हतं. तुला फक्त एवढं ठाऊक होतं की सुरू होण्याआधी पोट गरम असतं.

पावसाळाभर कारखाना बंद असायचा आणि दसऱ्याला हंगाम सुरू व्हायचा. अठरा वर्षांपूर्वी, त्या दसऱ्याच्या आधी, अष्टमीला सकाळीच मी शेगडी लावली. नवमीला दुपारी खंडेनवमीची पूजा. मालकाचा नियम असा की नवमीला कारखान्यातलं एकही हत्यार चालायला नको, दिवासुद्धा लागायला नको, सगळ्यांना विश्रांती. मला तो नियम आवडायचा. पूजेच्या आधी मी स्वतः मेन स्विच ओढला, मशीनला पुसलं, झेंडूचा हार घातला, हळदकुंकू लावलं. शेगडीही त्याच मेनवर आहे हे मला कळत नव्हतं असं नाही. पण मी मनात हिशेब केला की अष्टमी सकाळ ते नवमी सकाळ, चोवीस तास भरले. उपास सुटला की पुण्य जमा होतं, तसे मी ते चोवीस तास जमा धरले. ऊब अशी जमा राहत नाही, माय. नवमीच्या दुपारपासून दसऱ्याच्या सकाळपर्यंत ते पोट थंड होत होतं आणि गॅस परत येऊन तेलात बसत होता, आणि मी घरी आपट्याची पानं वेचत होतो.

दसऱ्याच्या सकाळी तुम्ही अकराही जणी नवी लुगडी नेसून आलात. काटोलच्या संत्र्यांचा पहिला ट्रक फाटकात उभा होता. मालक घड्याळ बघत होता. मी मेन चढवला, पाण्याचा पंप लावला आणि हिरव्या बटणावर बोट ठेवून उभा राहिलो. तू कुंकू लावायला पुढं आलीस, हार सरळ केलास, आणि सवयीनं खाली तळवा टेकवलास. आणि तसाच ठेवलास.

"बापू, पोट थंडं हाये याचं."

"असू दे," मी म्हणालो.

"रोज गरम रायते. आज काहून थंडं हाये?"

"माय, तू बाटल्यांकडं पाह्य. मशीनचं मी पाहतो."

"सुरू नको करू गा. एक दिवस थांब. आज पूजा झाली, उद्या सुरू कर."

मालक मोठ्यानं हसला. म्हणाला, "वा गा, तुह्या मायनं बी आयटीआय केलं काय? चाल, मुहूर्त टळून राहिला." सगळे हसले. ड्रायव्हर हसला, भटजी हसले, तुझ्याबरोबरच्या दोघी-तिघी पदर तोंडाला लावून हसल्या. माझे कान तापले. तू बरोबर बोलतेयस हे मला त्या क्षणी कळलं होतं. मला चांगलं कळलं होतं. पण शिकलेल्या माणसाला बाटल्या धुणाऱ्या बाईनं, आणि तीही त्याच्याच आईनं, चारचौघांत अडवावं, हे माझ्या नाकाला झोंबलं. मी तुझा हात धरून बाजूला केला आणि बटण दाबलं.

दोन-चार क्षण ते नीट फिरलं. मग खाणीतली गिट्टी पत्र्याच्या पिंपात ओतावी तसा आवाज आला. तेलाच्या काचेत पांढरा फेस चढला. मी लाल बटण दाबेपर्यंत आतून एक जोराचा ठोका बसला आणि सगळं गप्प झालं. मालकानं विचारलं, काय झालं? आणि माझ्या तोंडातून निघालं, "लाईनचा झटका आला. व्होल्टेज पडलं." इतक्या सहज निघालं की मला स्वतःलाच नवल वाटलं. मालक लाईनवाल्यांना शिव्या देऊ लागला. तू माझ्याकडे पाहिलंस, पदर खोचलास आणि टाकीकडे निघून गेलीस.

मशीन उघडलं तर वरच्या झडपांचे तुकडे झालेले होते. भाग मुंबईहून यायचे. त्या दिवशी दीक्षाभूमीवर येणाऱ्या माणसांनी सगळ्या गाड्या भरलेल्या, आणि दसऱ्याला मुंबईचं दुकान बंद, म्हणून ऑर्डर द्यायलाही दुसरा दिवस उजाडला. पुढचे सोळा दिवस मशीन बंद होतं आणि काटोलची संत्री रोज येत होती. मालकानं काम थांबवलं नाही. ठेवायला थंड खोली नाही म्हणून रस काढायची घाई, आणि बाटल्या थंड पाण्यात, दुप्पट सोड्यात. पाचव्या दिवशी तुला भाकरी थापता येईना. पीठ फुटलेल्या पेरांत जायचं. मी थापायला बसलो तर ज्वारीच्या भाकरीचा नकाशा झाला. तू हसलीस, आणि मग हसणं थांबवून बोललीस. जवसाच्या तेलाची वाटी माझ्यापुढे सरकवलीस, दोन्ही हात पुढं केलेस आणि मी तेल लावत असताना म्हणालीस, "त्या दिवशी मशीन थंडं होतं न् तू गरम होता. उलटं झालं."

मी खाली मान घालून तेल चोळत राहिलो.

"माहे हात फुटले, त्याचं काई नाही. पन बाकीच्या धा जनी रोज त्या लाईनले शिव्या देऊन राहिल्या. लाईननं काय केलं गा? उद्या मालकाले खरं सांग."

"कामावरून काढतील."

"काढू दे. मी बाटल्या धूनच तुले वाढवलं. तू बी धुजो."

"आणि नाही सांगितलं तर?"

"नाही सांगितलं तर मी सांगनार नाही. तुले मी काय चुगली करून सुधरवू काय? पन मंग माह्या हाताले तू तेल नको लावू."

असं म्हणून तू हात ओढून घेतलेस. एका हाताला तेल लागलं होतं, दुसरा कोरडाच राहिला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी घरी आलो आणि चपला काढायच्या आत तुला म्हणालो, "सांगितलं." तू विचारलंस, "काय म्हने?" मी म्हणालो, "काही नाही. पुढं ध्यान ठेव म्हणे." तू जवसाच्या तेलाची वाटी काढलीस. मग दोन्ही हात पुढं केलेस. सकाळी टाकीवर तू सगळ्या बायांना गोळा करून सांगितलंस की लाईनचा दोष नव्हता, माझ्या पोराचा होता, आणि त्यानं मालकापुढं उभं राहून कबूल केलं. मी पलीकडे मशीनचे बोल्ट सोडवत होतो, मला सगळं ऐकू येत होतं. त्यांतली सगळ्यांत तोंडाळ बाई माझ्याजवळ आली, शिव्या देईल म्हणून मी अंग चोरलं, तर तिनं माझ्या हातात एक मोठं संत्रं ठेवलं आणि टाकीकडे परत गेली.

त्यानंतर मी असा झालो, माय. लोक मला खडूस म्हणतात. भंडाऱ्यापासून अमरावतीपर्यंत जिथं असलं मशीन बसतं तिथं सुरू करायला मला बोलावतात, आणि बोलावल्यावर पस्तावतात. मी मुहूर्त मानत नाही. पुढाऱ्याला ताटकळत ठेवलंय, एका शेटजीच्या व्याह्यांना नुसतं जेवून परत जायला लावलंय. उद्याही मी घाई करणार नाही. आधी पोटाला हात लावीन. मग पाण्याचा पंप सुरू करून पलीकडच्या टोकाला जाऊन बघीन की पाणी खरंच पडतंय, नुसता पंपाचा आवाज ऐकून समाधान मानणार नाही. तिन्ही फेजचं व्होल्टेज मोजीन. दाबाची नळी बाहेर जाते तिथला व्हॉल्व्ह पूर्ण उघडलाय का ते हातानं फिरवून पाहीन, कारण तो बंद राहिला तर मशीनचा बॉम्ब होतो. पट्ट्यावरची जाळी घट्ट आहे का बघीन, बायांना पदर खोचायला सांगीन, सगळ्यांना चार हात मागे उभं करीन. दाब वाढला की मशीन आपोआप बंद पाडणारा जो स्विच असतो त्याला कोणी तार बांधून गप्प केलेला नाही ना, ते तपासीन. असली तार मी आजवर सात ठिकाणी कापली आहे. मग बटण. आणि गॅस आत ओढणारा व्हॉल्व्ह थोडा थोडा, कान देऊन उघडीन. एक ठोका जरी आला तरी बंद करीन आणि पुन्हा चोवीस तास बसेन. ज्याला परवडत नसेल त्यानं दुसरा मिस्त्री बघावा.

इथल्या मालकानं दुपारी जेवणाचं ताट स्वतः आणून दिलं. बहुतेक मला पटवायला आला होता. म्हणाला, "मिस्त्री, गावोगाव निरोप गेलेत, दूध येऊन राहिलं. खरंच फुटते का हो मशीन, की नुसतं पुस्तकात लिहिलं असते?" दरवेळी या प्रश्नाला मी एकच उत्तर देतो, की काटोल रोडवर एका ऑपरेटरनं फोडलं होतं. आज मी घास ठेवला आणि म्हणालो, "मी फोडलं. माझ्या आईनं अडवलं होतं, तिला बाजूला करून फोडलं. आणि लाईनवर ढकललं." तो उठला. मग मशीनजवळ गेला, वाकला, खाली तळवा लावला आणि म्हणाला, "कोमट लागून राहिलं." मी म्हणालो, "अजून हवंय." तो गेला आणि फाटकावर ओरडून त्यानं सांगितलं की दूध आज घेत नाही, उद्या आणा. मांडवही तसाच ठेवायला सांगितला. अठरा वर्षांत मी हे पहिल्यांदा मोठ्यानं बोललो आणि काही आभाळ कोसळलं नाही. मीठ कमी असलेली भाजी होती, ती सगळी खाल्ली.

आणि तेव्हाच लक्षात आलं, की हे पहिल्यांदाच बोललो. पुढचं फक्त तुला सांगायचं आहे, म्हणून हे कागद आता घडी करून पान्यांच्या पेटीत तळाशी ठेवीन, कोणाला दाखवणार नाही. तू बायांना जे सांगितलंस ते खरं नव्हतं, माय. काटोल रोडच्या त्या मालकाला मी सांगितलं नव्हतं. गेलो होतो, त्याच्या खोलीच्या दारापर्यंत गेलो होतो, शब्दही जुळवून नेले होते. तो फोनवर बोलत होता. त्यानं मला पाहिलं, हातानं खूण केली की थांब, दोन मिनिटं. मी थांबलो नाही.